खंडूचा वर्षावास

पंतनगर, घाटकोपर (पूर्व)
भाद्रपद; आज सकाळपासून उघडीप

आदरणीय रेवतीताईस,

धाकट्या मधुकरचा सप्रेम जय भीम.

तुझा गुडघा कसा आहे ते आधी कळव. नवा गुडघा बसवल्यावर माणूस पहिल्यांदा जिना चढतो तेव्हा कोणता पाय आधी टाकायचा यावर घरात म्हणे मतभेद होतात. तुझ्याकडे ते होणार नाहीत, कारण तुझ्या घरात मत एकच असतं. व्यायाम शिकवायला जी मुलगी येते तिला तू आतापर्यंत गुडघ्याची आकृती काढायला लावली असशील आणि नावं चुकली म्हणून पुन्हा काढायला लावली असशील. (तीस वर्षं मालाडच्या शाळेत जीवशास्त्र शिकवल्याचा हा परिणाम नाशिकच्या हवेनेही जाणार नाही.) कृणालला आणि सूनबाईंना आशीर्वाद. कमळ मजेत आहे, जरा जास्तच मजेत आहे, त्याविषयी पुढे येईलच. माझी प्रकृती उत्तम. गळा तर असा ठणठणीत आहे की डॉक्टरांनी टॉर्च लावून पाहिला आणि विचारलं, "बोलणं बंद केलंत की काय?" ताई, केलं. मी, टेलिफोन खात्याच्या युनियनच्या गेटसभा बिनमाइकने घेणारा मी, ज्याच्याविषयी सहकारी म्हणायचे की मधुकररावांना वायरीची गरज नाही, त्या मी या पावसाळ्यात स्वतःच्या घरात मोठ्याने एक वाक्य उच्चारलेलं नाही. म्हणूनच फोन न करता पत्र लिहितो आहे. जे बोलता आलं नाही ते सगळं साठलं आहे, आणि तुला ते वाचायला लागणार आहे.

खंडूचं काय झालं, हा तुझा पहिला प्रश्न असणार. गुडघ्याच्या आधी तोच असणार हे मला माहीत आहे. विजय झाला आहे एवढंच आत्ता सांगतो. कोणाचा, कोणावर आणि कसा, ते क्रमाने येईल. शेवटचं पान आधी वाचू नकोस. लहानपणी तू माझी सगळी गोष्टीची पुस्तकं शेवटाकडून वाचून मला शेवट सांगून टाकायचीस, तो अन्याय या वयात तरी नको.

तर तू मालाडचं घर बंद करून निघालीस आणि कृणालने ती काचेची पेटी आमच्या हॉलमधल्या टेबलावर आणून ठेवली. पेटीत दोन रहिवासी. मोठा खंडू, लहान विकी. दोघेही शंखात राहणारे, जमिनीवर हिंडणारे खेकडे, ज्यांना पुस्तकात संन्यासी खेकडा म्हणतात. कमळने आत डोकावून विचारलं, "हे दोघं काय काम करतात?" मी म्हटलं, घर पाठीवर घेऊन फिरतात. ती म्हणाली, "मग काय, मीही तेच करते." तू जाताना दिलेल्या सूचना मी शब्दशः पाळल्या. गोड पाणी वेगळं, खारं पाणी वेगळं, खाऱ्यात स्वयंपाकघरातलं मीठ नाही तर माशांच्या दुकानातलं समुद्री मीठ. नळाचं पाणी आधी नुसतं ठेवून, त्यातलं औषध काढून मगच द्यायचं. वाळू आणि काथ्याचा भुसा, मुठीत दाबला तर किल्ला व्हावा इतका ओला आणि खंडू उभा गाडला जाईल त्याच्या दुप्पट खोल. मुंग्या चढू नयेत म्हणून टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. (आपल्या आईच्या जाळीच्या कपाटाची आठवण झाली. फरक इतकाच की आई मुंग्यांपासून गूळ वाचवायची.) पण निघताना दारात चप्पल घालता घालता तू जे म्हणालीस ते मला लागलं. तू म्हणालीस, "मधू, मला मुंग्यांची भीती नाही. मांजराची नाही. भीती आहे ती तुझ्या गळ्याची."

आषाढी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी खंडू पाणी प्याला, मग खारं पाणी प्याला, मग पेटीच्या कोपऱ्यात गेला आणि खणायला लागला. मागच्या पायांनी वाळू उडवत, पोस्टातल्या कारकुनाच्या संथ निष्ठेने. संध्याकाळपर्यंत शंखाचं टोक दिसत होतं, सकाळी तेही नाही. विकी एकटाच काचेवर चढत होता. तुला फोन केला तेव्हा तू एवढंच म्हणालीस की आता तो कात टाकणार, आणि मग माझ्यावर जो वर्ग घेतलास तो मी जन्मात विसरणार नाही. खेकड्याचा सांगाडा बाहेर असतो, तो वाढत नाही, म्हणून वाढायचं तर जुना सांगाडा सोडावा लागतो. सोडल्यावर तो लोण्यासारखा मऊ असतो, ना नांगी चालते ना पाय. त्या काळात त्याला उकरलं तर मेला, हादरे बसले तर घाबरून अर्धवट राहिला आणि मेला, उजेड पाडला, वाळू सुकवली, मेला. मग आपलाच टाकलेला सांगाडा तो हळूहळू खातो आणि त्यातून नवं कवच घट्ट होतं. किती आठवडे लागतील हे तो ठरवणार. वरून काही दिसणार नाही, काही कळणार नाही. "तू फक्त गप्प बसायचं," तू म्हणालीस, "टेबलावर मूठ आपटायची नाही. जमेल?"

मी विचारतो, ताई, हा प्रश्न होता की आव्हान? त्या टेबलावर गेली कित्येक वर्षं मी भाषणांची तालीम करतो. वर्षावासाच्या समारोपाचं भाषण दरवर्षी विहारात मीच करतो, आणि त्या टेबलाला माझ्या मुठीची जागा पडलेली आहे. पण त्याच दिवशी पौर्णिमा होती. विहारात वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला सुरुवात झाली (वाचन मला चालतं, ते खालच्या पट्टीतलं काम आहे, भाषण नव्हे), आणि पहिल्याच पानावर आलं की भिक्खू पावसाचे तीन महिने एका जागी का राहतात. पावसात जमिनीतून बारीक जीव वर येतात, चालताना ते पायाखाली चिरडू नयेत म्हणून. मी वाचता वाचता थांबलो. लोकांना वाटलं चष्मा. चष्मा नव्हता, ताई. ज्या बारीक जिवांसाठी अडीच हजार वर्षांपूर्वी माणसांनी पाय थांबवले, त्यातलाच एक माझ्या टेबलावर वर्षावासाला बसला होता, आणि मला फक्त तोंड थांबवायचं होतं. मी घरी गेलो आणि कुजबुजत जाहीर केलं की खंडू वर येईपर्यंत या घरात भाषण बंद.

कमळने मला दोनदा ते पुन्हा म्हणायला लावलं. ऐकू आलं नाही म्हणून नव्हे.

त्यानंतरचा काळ म्हणजे एका हुकूमशाहीचा इतिहास आहे. मी वर्तमानपत्र उघडून "हे बघ काय लिहिलंय!" एवढं म्हणायला तोंड उघडलं की स्वयंपाकघरातून कमळचं बोट वर. मी टाचांवर चाललो की बोट. शिंक आली की मी बाथरूममध्ये, आणि ती बाहेरून, "अहो, दार लावून." मिक्सर गॅलरीत गेला, टीव्ही मुका झाला, वाटण पाट्यावर सुरू झालं, तेही शेजारच्या खोलीत दुहेरी गोणपाटावर. आणि गंमत अशी की ती मात्र बोलत असे! खालच्या सुरात, पण अखंड. तिच्या माहेरच्या विहिरीची भांडणं, तिच्या ऑफिसातल्या साहेबाने टोपी कशी हरवली, आपल्या मावशीविषयी तिचं खरं मत. (ते मी इथे लिहीत नाही, मावशी हयात आहे.) मी मधे मुद्दा मांडायला लागलो की ती पेटीकडे पाहायची. इतका परिणामकारक सभापती मी एकाही अधिवेशनात पाहिला नाही.

आणि मग वास आला.

तूच सांगितलं होतंस की खेकडा मातीत मेला तर सडक्या मासळीचा वास येतो, तीच एक खूण. श्रावणातल्या एका सकाळी मी दार उघडलं आणि जिन्यात तोच वास. मी पेटीचं झाकण सारून नाक आत घातलं, पण बाहेरचा वास माझ्या नाकात इतका भरला होता की आतला कुठला आणि बाहेरचा कुठला ते कळेना. कमळने वास घेतला, ती म्हणाली आत नाही. पाच मिनिटांनी म्हणाली, आहे बहुतेक. ताई, त्या दिवशी मी हातात चमचा घेतला होता. एका कोपऱ्यात जरासंच उकरून पाहावं, खात्री करावी. मेला असेल तर तुला काय तोंड दाखवू? आणि जिवंत असेल, तर त्या चमच्याने मीच त्याला मारीन. विज्ञान सांगतं खात्री करा. पण विज्ञानच सांगत होतं की खात्री करण्याची किंमत तो जीव आहे. मी चमचा धुऊन जागेवर ठेवला. आयुष्यात मी पुष्कळ मोर्चे काढले, पण तो चमचा खाली ठेवणं जड गेलं.

दुपारी आमच्या वरच्या मजल्यावरचे सीताराम, मूळ वेंगुर्ल्याचे, तक्रार घेऊन सोसायटीच्या ऑफिसात गेले. "मेलेल्या कुर्लेचो वास मी झोपेतसुद्धा ओळखतंय," त्यांनी जाहीर केलं, "माझो जन्म समुद्रार गेलो!" संध्याकाळी सेक्रेटरी किरणभाई आमच्या दारात. भला माणूस, पण इमारतीतली निम्मी घरं कांदासुद्धा न खाणारी, त्यामुळे बिचाऱ्याचं अर्धं आयुष्य वासाच्या तक्रारींत जातं. म्हणाले, "मधुकरभाई, प्रॉब्लेम समजा ना. लोक बोलतात खेकडा ऑफ झालाय. एकदा खोदून बघून घ्या, नाहीतर पेटी खाली पाठवा. रविवारी मीटिंग घेऊ, ओके?" मी कुजबुजलो की नाही. त्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा कुजबुजलो. ते घाबरले. मी ओरडलो असतो तर त्यांना सवय होती. कुजबुजणारा मधुकर त्यांनी कधी पाहिला नव्हता. "तब्येत बरी आहे ना?" असं कमळला विचारून ते निघून गेले.

रविवारची सभा खाली पार्किंगमध्ये होती. लक्षात आलं का, ताई? खाली! पेटीपासून तीन मजले दूर! आषाढापासून अडवलेलं पाणी आणि समोर उघडा दरवाजा. सीताराम तावातावाने बोलले, किरणभाईंनी ठराव वाचला की सदर पेटीतील वाळू समितीसमक्ष उकरण्यात यावी. मग मी उभा राहिलो. गाड्यांचे अलार्म वाजले असं लोक अजून सांगतात. (एकाच गाडीचा वाजला, आणि त्या गाडीला ती खोडच आहे.)

मी म्हणालो: तीस वर्षं मी प्रत्येक सभेत सांगत आलो की टोपलीतले खेकडे वर चढणाऱ्याचा पाय ओढतात आणि आपला समाजही तसाच आहे. तो दाखला मी आज मागे घेतो! कारण गेले काही आठवडे मी दोन खेकडे जवळून पाहिले. खालचा गप्प आहे, वरचा त्याच्या डोक्यावरची वाळूसुद्धा उकरत नाही. पाय ओढायला इथे कोण जमलं आहे? आपण! मी विचारलं, तुमच्यातल्या कोणाला कधी मोठं व्हावंसं वाटलं नाही? जुनं कवच टाकताना, अंगावर काही नसताना, कोणी झाकण उघडून "बघू, जिवंत आहे का" म्हणालं असतं तर तुमच्यातला एक तरी आज इथे बसला असता का? मी वर्षावास सांगितला. मग तुमच्या घरोघर चातुर्मास चालू आहे म्हणालो. तुम्ही या दिवसांत अंधारात जेवत नाही, का? चुकून एखादा जीव ताटात येऊ नये म्हणून. पालेभाजी खात नाही, का? पानामागे जीव असतो म्हणून. तुमचे साधू आणि आमचे भिक्खू याच पावसाला भिऊन नव्हे, याच जिवांना जपून थांबले. आणि आज, याच पावसात, ठराव करून, समितीसमक्ष, सह्या घेऊन एक जीव खणून काढायचा?

टाळ्या नाहीत. आणि मग मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीतून पहिल्या मजल्यावरच्या जसुबेन उठल्या. वय ऐंशीच्या पुढे, कमरेत वाकलेल्या, जन्मात मासळी घरात आलेली नाही. म्हणाल्या, "चातुर्मासात खोदायचं? ना रे ना. जीव छे अंदर. कोणी हात नाय लावायचा." किरणभाई म्हणाले, "बा, पण वास?" जसुबेन म्हणाल्या, "वास मी बघते. तुम्ही सगळे खाता नायतर शेजाऱ्याचा घेता, तुमची नाकं बिघडली. मला दाखवा."

हा न्याय मला मान्य होता. ज्याने गुन्हा कधी केला नाही त्यालाच तो सर्वांत लवकर कळतो. आमची मिरवणूक निघाली. लिफ्टला त्या तयार नव्हत्या, म्हणून जिन्याने, एका पायरीवर एक श्वास घेत जसुबेन पुढे, पदर नाकावरून काढलेला, मागे किरणभाई, त्यांच्या मागे समिती, सर्वांत मागे सीताराम, आणि मी पुन्हा कुजबुजत, "हळू, हळू, पाय आपटू नका." आमच्या घरात शिरल्यावर सगळे आपोआप चवड्यांवर आले. जसुबेननी पेटीवर वाकून नाक आत नेलं. ताई, माझी छाती इतकी धडधडत होती की त्याचाच हादरा खंडूला बसेल असं वाटलं. त्यांनी डोळे मिटले. एक खोल श्वास. दुसरा. मग डोळे उघडून त्या म्हणाल्या, "आ तो माटी छे. भिनी माटी." पावसाने भिजलेली माती! दुसरं काही नाही!

मी त्यांच्या पाया पडणार होतो, पण त्या थांबल्या नाहीत. नाक पुढे करून बाहेर आल्या, जिन्यात उभ्या राहिल्या, आणि खाली जाण्याऐवजी वर वळल्या. समिती मागोमाग. अर्ध्या जिन्यात सीताराम सगळ्यांना ओलांडून पुढे धावले आणि स्वतःच्या दारासमोर हात पसरून उभे राहिले. म्हणाले घरात पाहुणे आहेत. म्हणाले घर पुसायला काढलंय. जसुबेननी फक्त बोट केलं, जिन्याच्या खिडकीतून दिसणाऱ्या त्यांच्या एसीच्या डब्याकडे. सीताराम खाली बसले. "खारे बांगडे असत ते," ते म्हणाले. "गावसून इलले. घरात ठेवूक बायको देयना, म्हणान थंय टांगलंय. पावसान भिजले." मग माझ्याकडे पाहून, "मास्तर, तुमची कुर्ली होती म्हणान माका सुचला. न्हायतर नाव कुणाचा घेतलंय असतंय?" (मी मास्तर कधीच नव्हतो. पण ताई, तुझी कृपा असेल.)

तेव्हा मी त्यांच्यावर भाषण करू शकलो असतो. केलं नाही. कारण आपल्याच इमारतीत, स्वतःच्याच घरात माणसाला आपलं जेवण एसीमागे लपवावं लागतं, यावर खरं तर वेगळं भाषण व्हायला हवं, आणि तसं मी किरणभाईंना जिन्यातच सांगितलं, कुजबुजत, पण असं की ते मान खाली घालून उभे राहिले. मग जसुबेनच म्हणाल्या, "खा ना, कोण नाय बोलतं? पण सुकवून खा. सडवतो कशाला?" सीतारामांना त्या दिवशी पहिल्यांदा खिडकी उघडी ठेवायची परवानगी मिळाली आणि ठराव मागे घेण्यात आला. सर्वानुमते! मी इतिवृत्तात "एकमताने" लिहायला लावलं.

इथे कथा संपली असं तुला वाटेल. पण विजयाचा दुसरा दिवस पहिल्यापेक्षा अवघड असतो. खंडू इमारतीत प्रसिद्ध झाला. लोक येऊ लागले. येऊन काय पाहणार? वाळू. पण पाहायचे! चवड्यांवर उभे राहून, हात मागे बांधून, सपाट वाळूकडे बघायचे आणि समाधानाने जायचे. जसुबेन रोज दुपारी येऊन "आला का?" विचारायच्या. मग एक दिवस पेटीच्या झाकणावर जास्वंदीचं फूल. दुसऱ्या दिवशी हात जोडलेले. तिसऱ्या दिवशी एका गृहस्थाने मुलाच्या परीक्षेचं खंडूला सांगितलं. ताई, मी उभं आयुष्य ज्याच्याविरुद्ध बोललो ते माझ्याच हॉलमध्ये, माझ्याच युक्तिवादातून उगवत होतं, आणि मला आवाज चढवायची सोय नव्हती! मी प्रत्येकाला बाजूला घेऊन कानात सांगितलं की हा प्राणी आहे, तो कात टाकतो आहे, तो नवसाला पावत नाही, त्याला स्वतःच्या पायांची खात्री नाही तो तुमच्या मुलाला काय पास करणार. लोक गंभीरपणे मान हलवायचे. नंतर कळलं, खाली अशी बातमी होती की मधुकरराव दर्शनाला आलेल्यांच्या कानात मंत्र देतात. शेवटी कमळने एका कागदावर लिहून लावलं, "फुलांच्या रसाने त्रास होतो." त्याबरोबर फुलं बंद. माझ्या तीन आठवड्यांच्या प्रबोधनाने जे झालं नाही ते एका ओळीने झालं, हे मी तुझ्याकडे नोंदवून ठेवतो. तिच्याकडे नोंदवलेलं नाही.

आणि काल!

काल सकाळी मी नेहमीप्रमाणे वाळूवर पाणी शिंपडायला झाकण सारलं. विकी पाण्याच्या वाटीशी. आणि कोपऱ्यात वाळूला तडा. मला वाटलं सुकली. तडा हलला. आधी एक मिशी आली, केसाएवढी, हवेत काहीतरी विचारत. मग दुसरी. मग नांगी, आणि ताई, काय रंग! गेला तेव्हा तो जुन्या विटेसारखा मळकट होता. वर आला तो डाळिंबाच्या दाण्यासारखा, पायांची टोकं धारदार, डोळे काळेभोर, आणि अंगाने इतका वाढलेला की जुना शंख त्याला आखूड झालेल्या शाळेच्या सदऱ्यासारखा दिसत होता. तू ठेवलेले रिकामे शंख त्याने एकेक तपासले, आत नांगी घालून, उलटे करून, पोलिसाने गाडी तपासावी तसे. मोठा पांढरा त्याला पटला. एका क्षणात जुन्यातून नव्यात! आणि तो हलतो न हलतो तोच विकी धावत आला आणि खंडूच्या जुन्या शंखात शिरला. मी विचारतो, या पंतनगरात, जिथे जुनी चाळ पाडून नवी इमारत मिळेपर्यंत माणसांच्या पिढ्या भाड्याच्या खोलीत म्हाताऱ्या झाल्या, तिथे असं पुनर्वसन कोणी पाहिलं आहे? ना बिल्डर, ना करार, ना तारीख पे तारीख. मोठा मोठ्या घरात, लहान त्याच्या जागी, त्याच सकाळी ताबा! आणि पाय कोणी कोणाचा ओढला नाही!

आणि मग, ताई, माझ्याच्याने राहवलं नाही. मी ओरडलो. "आला!" एवढंच. वरच्या मजल्यावर सीतारामांच्या हातातली कपबशी पडली. जसुबेन लिफ्टने आल्या, आयुष्यात पहिल्यांदा. किरणभाईंनी पेढे आणले. आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो त्या एका शब्दाने नव्या शंखात असा बसला की संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. पण आज सकाळी त्याने खोबरं खाल्लं, अंड्याचं टरफल खाल्लं, माझ्या बोटाला नांगीने चिमटा काढला आणि रक्त आलं. असं सुंदर रक्त मी कधी पाहिलं नाही. तुझा खंडू जिवंत आहे, मोठा झाला आहे, आणि तुझ्या भावाने तोंड बंद ठेवलं. आता म्हण, काय म्हणायचं ते.

गुडघ्याला जप. वाकू नकोस. शेकायचं विसरू नकोस. भेटीची वाट पाहतो.

तुझा विजयी भाऊ,
मधुकर

ता.क. विजयाच्या भरात एक गोष्ट राहिली. वर्षावासाच्या समारोपाचं भाषण यंदाही माझंच आहे, आणि यंदा विषय आहे कवच. असा विषय पुन्हा मिळणार नाही. पण त्याची एकदाही मोठ्याने तालीम झालेली नाही.

ता.क. दुसरा. आणि आज दुपारी, नव्या घराचा ताबा मिळून एक दिवस होतो न होतो तोच, विकी खाली गेला. मी झोपलो होतो, कमळने स्वतः पाहिलं. म्हणजे पुन्हा सगळं पहिल्यापासून! ताई, माझी एकच विनंती आहे, आणि खरं सांगायचं तर पत्र त्यासाठीच आहे: कृणालला गाडी घेऊन पाठव आणि दोघांना नाशिकला ने. सावकाश चालवायला सांग, खड्डे चुकवायला सांग, पण आश्विन पौर्णिमेच्या, म्हणजे समारोपाच्या, आधी पाठव. मी जिंकलो आहे. दुसऱ्यांदा जिंकायची ताकद माझ्यात नाही.

ता.क. तिसरा. ताई, मी कमळ. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून दोन ओळी लिहिते. कृणालला पाठवू नका. दगदग होईल त्याला. आणि खाली गेलेल्याला असं हलवू नये, हे तुम्हीच सांगितलं होतं. तसा विकी खाली गेलेला नाही. करवंटीखाली बसलाय, खोबरं खातोय, खुशाल आहे. हे ह्यांना कळवू नका. ह्यांना म्हटलंय की यंदा भाषण लिहून काढा, वाचून दाखवा, लोकांना तेच जास्त आवडेल. लिहायला बसलेत. घरात पेनाचा आवाज येतोय, बाकी काही नाही. तुमचा गुडघा बरा झाला असला तरी फोनवर अजून थोडं दुखतंच आहे असं म्हणा.